बंद होताना अडून बसणारा संगणक
(दिल्लीतील मराठी वाचकांच्या एका मेळाव्यात केलेले भाषण)



अनुवादकाला बोलावयास उभे केले म्हणजे तो शब्दांविषयी, शैलीविषयी किंवा मूळ लेखकाच्या मनोगताविषयी काही सांगेल, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. ती रास्तही आहे. परंतु आज मी आपल्यापुढे एका यंत्राची हकीकत सांगणार आहे. मी मराठी विषय घेऊन एम.ए. झालेली बाई, यंत्रशास्त्राशी माझा संबंध केवळ वापरणाराचा. तथापि एका पुस्तकाचा अनुवाद पुरा होत आला असता माझ्या हातून एक चूक घडली. त्या चुकीची किंमत मला पैशांत मोजता आली नाही. ती का घडली हे समजून घेण्यासाठी मला जे शिकावे लागले, ते इतरांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून मी हा विषय निवडला आहे.

विषय असा : संगणक दिवसभर नीट चालतो, सांगाल ते काम करतो, पण रात्री त्याला बंद होण्यास सांगितले, की पडदा काळा होतो, आतला पंखा फिरत राहतो, आणि तो बंद मात्र होत नाही. अशा वेळी आपण काय करावे? बहुतेक लोक जे करतात तेच मी केले. बटण दाबून धरले. तेथेच सारे बिघडले.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगते. मी यमुनेपलीकडे, नोएडात राहते. माझ्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली आहे. लिनस टॉरवाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थ्याने १९९१ साली तिचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. त्याआधी, १९८३ पासून, रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त आज्ञावलींची जी चळवळ चालविली होती, तिची साधने या गाभ्याला येऊन मिळाली, आणि त्यातून आज जगभर वापरली जाणारी प्रणाली सिद्ध झाली. मी ती स्वीकारली याचे कारण तात्त्विक नव्हते. माझा संगणक जुना होता, परवान्याचा खर्च नको होता, आणि देवनागरी लिहिण्याची सोय तिच्यात निराळे काही विकत न घेता मिळत होती.

दिल्लीत या विषयाला आणखी एक महत्त्व आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या शासकीय संस्थेने २००७ साली 'बॉस' नावाची भारतीय भाषांना अनुकूल अशी लिनक्स प्रणाली प्रसिद्ध केली. डेबियन या प्रसिद्ध संचावर ती आधारलेली आहे. २०१५ च्या मार्च महिन्यात भारत सरकारने शासकीय कामासाठी खुल्या आज्ञावली स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले. संरक्षण मंत्रालय आपल्या संगणकांवर उबुंटूच्या आधारे सिद्ध केलेली 'माया' ही प्रणाली बसवीत असल्याचे वृत्त २०२३ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे ही प्रणाली आता केवळ हौशी तरुणांची राहिलेली नाही. ती कचेरीतल्या टेबलापर्यंत पोहोचली आहे. टेबलापाशी बसणाऱ्या माणसाला ती बंद कशी होते हे ठाऊक असले पाहिजे.

आता घडलेली गोष्ट सांगते. मी ज्या पुस्तकाचा अनुवाद करीत होते, त्याच पुस्तकाचा अनुवाद पूर्वी एका ज्येष्ठ गृहस्थांनी आरंभिला होता. तो त्यांच्या हातून पुरा झाला नाही. ते आता हयात नाहीत. त्यांच्या मूळ इंग्रजी प्रतीच्या समासात त्यांनी पेन्सिलीने मराठी प्रतिशब्द लिहून ठेवले होते, आणि ठिकठिकाणी चिठ्ठ्या घातल्या होत्या. त्यांच्या कन्येने ती प्रत विश्वासाने आठ दिवसांसाठी मजकडे पाठविली. मी एकूण एक पान आणि एकूण एक चिठ्ठी यांच्या प्रतिमा संगणकात उतरवून घेतल्या. एकंदर ४१२ प्रतिमा झाल्या. त्यांचा आकार सुमारे तीन गिगाबाइट भरला. प्रत मी पुण्यास परत पाठविली.

दुसऱ्या दिवशी दिल्लीत संपादकांना त्या प्रतिमा दाखवावयाच्या होत्या. म्हणून रात्री मी त्या एका पेन ड्राइव्हवर हलविल्या. 'हलविल्या' हा शब्द कृपया ध्यानात ठेवावा. मी नक्कल केली नाही. संगणकात जागा कमी पडत होती, म्हणून इकडून उचलून तिकडे ठेवल्या. पडद्यावरची पट्टी मिनिटभरात भरली आणि काम पुरे झाल्याचे दिसले. मी संगणकाला बंद होण्याची आज्ञा दिली. पडदा काळा झाला. त्यावर काही पांढरी अक्षरे उमटली होती, ती मी वाचली नाहीत. एक मिनिट गेले, दोन गेली, चार गेली. उकाड्याचे दिवस होते आणि रात्रीचा एक वाजला होता. मी बटण दाबून धरले, यंत्र निमूट झाले, आणि मी झोपले.

सकाळी संपादकांच्या टेबलावर पेन ड्राइव्ह उघडला तेव्हा पहिली सुमारे दीडशे पाने व्यवस्थित दिसली. त्यापुढच्या फाइलींची नावे जागच्या जागी होती, पण उघडल्यावर आत काही नव्हते. घरी येऊन संगणकात पाहिले, तर तेथून त्या पुसल्या गेल्या होत्या. पुसलेल्या फाइली कधी कधी परत मिळविता येतात. परंतु हे कळेपर्यंत मी त्याच यंत्रावर आणखी दोन दिवस काम केले होते, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर नवे लिखाण चढले होते.

आमच्या वरच्या मजल्यावर अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी राहतो. मी त्याला बोलावले. तो मला आंटीजी म्हणतो. त्याने यंत्राला हात लावण्यापूर्वी मला एकच प्रश्न विचारला : ''शेवटच्या ओळीत काय लिहिले होते?'' मला उत्तर देता आले नाही. जन्मभर दुसऱ्याच्या लिखाणातले स्वल्पविराम तपासून पाहणारी मी. आणि माझ्याच पडद्यावर लिहिलेली ओळ मी वाचली नव्हती. त्या मुलाने मला दोष दिला नाही. त्याने कागद घेतला आणि संगणक बंद होताना आत काय घडते, ते मला समजावून सांगितले. पुढे मी स्वतः वाचले आणि पडताळून पाहिले. त्याचे सार असे आहे.

संगणक सुरू होताना गाभा प्रथम एकच प्रक्रिया सुरू करतो. तिचा क्रमांक एक. ती मग बाकीच्या साऱ्या सेवांना क्रमाने उठविते : जाळ्याची जोडणी, छपाईची सेवा, ध्वनी, घड्याळ, पडदा. पूर्वी हे काम जुन्या यूनिक्स पद्धतीच्या लेखी क्रमानुसार चाले. २०१० साली लेनार्ट पोटरिंग आणि केय सीव्हर्स यांनी 'सिस्टमडी' नावाची नवी व्यवस्था पुढे आणली. डेबियन आणि उबुंटू या दोन्ही संचांनी २०१५ च्या एप्रिलमधील आपल्या आवृत्त्यांपासून ती मूळ व्यवस्था म्हणून स्वीकारली. आज बहुतेक लिनक्स संगणकांवर क्रमांक एकची प्रक्रिया हीच आहे.

बंद होण्याची आज्ञा मिळाली, की हीच प्रक्रिया उलट क्रमाने सर्वांना निजवू लागते. प्रत्येक सेवेला ती प्रथम १५ क्रमांकाचा संकेत धाडते. त्याचा अर्थ 'आवरते घ्या' असा. ज्या सेवेच्या हाती काही लिखाण असेल, ती ते पुरे करते, फाइल मिटते आणि स्वतः होऊन थांबते. ती थांबली नाही, तर साधारणपणे ९० सेकंद वाट पाहिली जाते. तोवर पडद्यावर ओळ दिसते, 'अ स्टॉप जॉब इज रनिंग', आणि पुढे त्या सेवेचे नाव व चालू असलेले सेकंद. मुदत संपल्यावर ९ क्रमांकाचा संकेत जातो. तो ऐकण्या-न ऐकण्याचा प्रश्नच नसतो. प्रक्रिया तत्काळ संपविली जाते. ही ९० सेकंदांची मुदत पुष्कळांना लांब वाटते. फेडोरा या संचाने २०२३ मधील ३८ व्या आवृत्तीत ती ४५ सेकंदांवर आणली.

सेवा थांबल्या, की चकत्या आणि इतर साठे सोडविले जातात. त्यांच्यावर लिहावयाचे राहिलेले सारे लिहून झाले की त्यांची जोडणी काढली जाते. सर्वांत शेवटी गाभा यंत्राच्या स्थिर आज्ञावलीला सांगतो, की वीज तोडा. म्हणजे बंद होण्याच्या वाटेवर तीन नाकी आहेत. पहिले सेवांचे, दुसरे साठ्यांचे आणि तिसरे विजेचे. संगणक अडला, तर तो या तिहींपैकी कोणत्या नाक्यावर अडला आहे, हा पहिला प्रश्न होय. त्याचे उत्तर मिळाल्यावाचून केलेला कोणताही उपाय म्हणजे अंधारात मारलेला दगड.

मी त्या रात्री दुसऱ्या नाक्यावर बटण दाबले होते. याचे स्पष्टीकरण असे. संगणक जेव्हा 'लिहून झाले' असे सांगतो, तेव्हा ते चकतीवर लिहून झालेले असतेच असे नाही. लिखाण प्रथम स्मृतीत ठेवले जाते, आणि मागाहून सवडीने साठ्यावर उतरविले जाते. गाभ्यातील एक सेवक साधारणपणे दर ५ सेकंदांनी जागा होतो आणि ३० सेकंदांहून जुने झालेले लिखाण उतरवू लागतो. असे न उतरलेले लिखाण उपलब्ध स्मृतीच्या एकपंचमांशापर्यंत साचू दिले जाते. माझ्या संगणकात १६ गिगाबाइट स्मृती आहे. म्हणजे तिच्यात सुमारे तीन गिगाबाइट लिखाण सहज साचू शकत होते. माझा पेन ड्राइव्ह स्वस्तातला होता. सेकंदाला सुमारे पाच मेगाबाइट इतकाच त्याचा वेग. तीन हजारांना पाचांनी भागले, तर सहाशे सेकंद येतात. म्हणजे दहा मिनिटे. मी चार मिनिटे थांबले. दीडशे पाने वाचली, ती त्या चार मिनिटांत.

मग मूळ प्रतिमा तरी का पुसल्या गेल्या? त्याचे कारण असे की आतली चकती जलद होती. 'हलवा' या आज्ञेचा अर्थ संगणक असा घेतो, की आधी नक्कल कर, मग मूळ पूस. नक्कल स्मृतीत पोहोचताच त्याच्या लेखी ती झाली. मूळ पुसल्याची नोंद काही सेकंदांतच चकतीवर चढली. नक्कल मात्र अजून स्मृतीतच होती. वीज तुटली आणि ती नाहीशी झाली. एका काठावरून उचललेला माल दुसऱ्या काठाला लागण्यापूर्वीच नाव बुडाली.

येथे कोणी विचारील, की आजच्या संगणकांत वीज गेली तरी नुकसान होत नाही असे आपण ऐकतो, त्याचे काय? ते अर्धे खरे आहे. २०१२ च्या जुलैची ३० आणि ३१ तारीख दिल्लीकरांना आठवत असेल. पहिल्या दिवशी उत्तरेचे वीजजाळे कोसळले, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही. मेट्रो वाटेत थांबल्या. त्या दोन दिवसांत किती संगणक एका क्षणात विझले असतील, याची कल्पना करावी. तरी त्यांतले बहुतेक पुन्हा सुरू झाले. कारण आजच्या चकत्यांवर एक रोजकीर्द ठेवलेली असते. लिनक्समध्ये २००१ पासून 'ईएक्सटी ३' आणि २००८ पासून 'ईएक्सटी ४' या रचनांत ती आहे. कोणताही बदल आधी रोजकीर्दीत टिपला जातो आणि मग खतावणीत चढविला जातो. मध्येच वीज गेली, तर रोजकीर्द पाहून हिशेब जुळविता येतो. परंतु ही रोजकीर्द साधारणपणे कपाटातल्या फाइलींची मांडणी जपते. फाइलीच्या आतले जे पत्र अद्याप कागदावर उतरलेलेच नाही, ते ती कोठून आणणार? आणि बाजारात मिळणाऱ्या पेन ड्राइव्हवर सामान्यतः जी रचना असते, तिच्यात तर अशी रोजकीर्दही नसते.

जुन्या यूनिक्स यंत्रांवर काम करणाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. साठ्यावर लिखाण उतरविण्यास सांगणारी 'सिंक' ही आज्ञा त्या काळापासून आहे. यंत्र बंद करण्यापूर्वी ती तीनदा लिहिण्याचा प्रघात होता. आपल्याकडे शांतिपाठात 'शांतिः' तीनदा म्हणतात, तसाच हा प्रकार वाटतो. परंतु त्यामागे व्यवहार होता. आज्ञा दिल्याबरोबर लिखाण पुरे होतेच असे नसे, आणि तीन ओळी हाताने लिहिण्यात जो वेळ जाई तेवढ्यात चकतीचे काम आटोपे. आज ती आज्ञा एकदा दिली तरी काम संपेपर्यंत ती परत येत नाही. पेन ड्राइव्ह काढण्यापूर्वी किंवा संगणक बंद करण्यापूर्वी ती द्यावी, आणि ती परत येईतो हात आवरून बसावे. लिखाण किती उरले आहे हेही पाहता येते : 'प्रॉक' या कप्प्यातील 'मेमइन्फो' या फाइलीत 'डर्टी' या शब्दापुढे तो आकडा असतो. तो उतरत असेल, तर यंत्र अडलेले नाही. ते आपलेच काम करीत आहे.

एवढे शिकल्यावर मला वाटले, की आता आपला संगणक अडणार नाही. परंतु चार महिन्यांनी तो पुन्हा अडू लागला, आणि या वेळी रोज रात्री. पेन ड्राइव्ह लावलेला नसे. मी यंत्र उचलून नेहरू प्लेसला नेले. तेथल्या एका दुरुस्तीवाल्याने पाच मिनिटांत निदान केले, की मुख्य फलक बदलावा लागेल. त्याने सांगितलेला आकडा माझ्या एका प्रकरणाच्या मानधनाहून मोठा होता. मी यंत्र परत आणले आणि त्या मुलाचा प्रश्न स्वतःलाच विचारला : शेवटच्या ओळीत काय लिहिले आहे?

ती ओळ वाचण्याची रीत अशी. बंद होताना पडद्यावर नुसते चिन्ह फिरत असेल, तर एस्केप ही कळ दाबावी; पुष्कळ संचांत चिन्ह बाजूला होऊन ओळी दिसू लागतात. त्या दिसत नसतील, तर संगणक सुरू होतानाच्या यादीत, गाभ्याच्या ओळीतील 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे दोन शब्द त्या वेळेपुरते काढून टाकावेत. ओळ दिसली, की मोबाइलने तिचे छायाचित्र घ्यावे. रात्रीच्या कंटाळ्यात वाचलेली ओळ सकाळी आठवत नाही. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू करून 'जर्नलसीटीएल' ही आज्ञा द्यावी. तिच्यापुढे आडवी रेघ आणि बी, मग आडवी रेघ आणि एक, असे लिहिले म्हणजे मागल्या खेपेची नोंदवही उघडते. तिच्या अखेरच्या पानांकडे जावे. मात्र ही नोंदवही चकतीवर जपून ठेवण्याची व्यवस्था प्रत्येक संचात असतेच असे नाही. ती नसेल, तर 'व्हार'मधील 'लॉग'च्या आत 'जर्नल' नावाचा कप्पा करून ठेवावा लागतो. आणि वीज तुटण्याच्या अगदी शेवटच्या क्षणांची नोंद या वहीत मिळत नाही, कारण तोवर वही ठेवणारी सेवाच निजलेली असते. त्यासाठी छायाचित्रच उपयोगी.

माझ्या नोंदवहीत एका साठ्याचे नाव मिळाले. आमच्या दिवाणखान्यात एक जुना संगणक आहे. त्यावरचा एक कप्पा मी घरातल्या जाळ्यातून माझ्या यंत्राला जोडून घेतला होता, जुनी प्रकरणे तेथे ठेवावीत म्हणून. रात्री घरातील मंडळी दिवाणखान्यातला संगणक आधी बंद करीत, आणि मी माझा मागाहून. माझे यंत्र तो कप्पा सोडविण्यापूर्वी पलीकडच्या यंत्राचा होकार मागत असे. आणि पलीकडे तर कोणी नव्हतेच. यजमान दाराला कुलूप लावून निघून गेले आणि पाहुणा आतून निरोपासाठी थांबून राहिला, अशी ती अवस्था होती. अशा वाट पाहण्यात गुंतलेल्या प्रक्रियेवर पुष्कळदा ९ क्रमांकाचा संकेतही चालत नाही, कारण ती गाभ्याच्या आत निद्रिस्त असते.

उपाय काय केला? फलक बदलला नाही. रात्री माझा संगणक आधी बंद करावयाचा आणि दिवाणखान्यातला नंतर, एवढाच क्रम बदलला. पुढे त्या मुलाने कप्प्याची जोडणी अशी करून दिली, की मागणी होईल तेव्हाच ती जुळावी आणि काही वेळ वापर नसल्यास आपोआप सुटावी. कार्यालयांत, जेथे एका मोठ्या यंत्राचे कप्पे अनेक टेबलांशी जोडलेले असतात, तेथे हा दोष फार आढळतो. बिनतारी जाळे साठा सुटण्यापूर्वीच बंद झाले, तरी हाच प्रसंग ओढवतो. साठ्यांच्या यादीत त्या कप्प्यापुढे 'अंडरस्कोअर नेटडेव्ह' हा शब्द घातला, म्हणजे हा साठा जाळ्यावर अवलंबून आहे हे प्रणालीला कळते, आणि ती जाळे सोडण्यापूर्वी साठा सोडते.

तिसऱ्या नाक्याविषयी थोडक्यात सांगते. एका परिचितांच्या लॅपटॉपवर 'रीबूट : पॉवर डाऊन' ही ओळ येई, आणि तरी दिवा जळत राही. ही ओळ आली, याचा अर्थ सेवा थांबल्या, साठे सुटले, आणि गाभ्याने वीज तोडण्यास सांगितले. पण यंत्राने ऐकले नाही. वीजव्यवस्थेविषयी गाभा आणि यंत्र यांच्यातील करार १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी ठरविला. 'एसीपीआय' या नावाने तो ओळखला जातो. यंत्र बनविणारा त्याची आपल्या परीने अंमलबजावणी करतो, आणि तीत चुका राहतात. अशा वेळी यंत्राची स्थिर आज्ञावली आणि प्रणालीचा गाभा या दोहोंच्या नव्या आवृत्त्या घ्याव्यात. चित्रपत्राच्या चालक-आज्ञावलीतही दोष असू शकतो, तोही पाहावा. परंतु मुख्य गोष्ट ही, की या नाक्यावर बटण दाबून धरले तरी आपल्या लिखाणाला धोका नसतो. मी दुसऱ्या नाक्यावर जे केले ते नुकसानीचे ठरले, आणि तीच कृती तिसऱ्या नाक्यावर निरुपद्रवी असते. कृती तीच, फरक केवळ शेवटच्या ओळीचा.

आता, यंत्र खरोखरच गोठले, आकडा उतरत नाही, ओळ पुढे सरकत नाही, अशी वेळ आलीच, तर बटणाकडे जाण्यापूर्वी एक पायरी आहे. आल्ट ही कळ आणि 'सिस-आरक्यू', म्हणजे पडद्याची प्रतिमा घेण्याची कळ, या दोन्ही दाबून धरून क्रमाने एस, यू आणि बी ही अक्षरे दाबावीत. एस म्हणजे उरलेले लिखाण उतरवा, यू म्हणजे साठे केवळ वाचण्यापुरते ठेवा, आणि बी म्हणजे यंत्र पुन्हा सुरू करा. बीऐवजी ओ दाबले, तर यंत्र बंद होते. दोन अक्षरांमध्ये काही सेकंद जाऊ द्यावेत. उबुंटूवर ही अक्षरे मुळातच चालतात. इतर काही संचांवर ती आधी चालू करून ठेवावी लागतात. संकट नसतानाच हे एकदा तपासून पाहावे. छत्री कोठे ठेवली आहे, हे पाऊस आल्यावर शोधू नये.

श्रोतेहो, मी आपल्याला संगणकाचे तज्ज्ञ करण्यासाठी येथे उभी राहिले नाही. माझे सांगणे इतकेच, की बंद होताना थांबलेले यंत्र पुष्कळदा हट्ट करीत नसते. ते कोणाची तरी वाट पाहात असते, आणि कोणाची, हे बहुधा त्याने पडद्यावर लिहिलेले असते. ते वाचावे. सेवेचे नाव असेल, तर दीड मिनिट थांबावे आणि सकाळी त्या सेवेची चौकशी करावी. साठ्याचे नाव असेल, तर कितीही उशीर झाला तरी बटणाला हात लावण्यापूर्वी दहादा विचार करावा. वीज तोडल्याची ओळ असेल, तर निश्चिंतपणे बटण दाबावे. आणि दुसरे असे की ज्याची दुसरी प्रत नाही, ते कधीही हलवू नये. त्याची नक्कल करावी, ती उघडून पाहावी, आणि मगच मूळ पुसावे.

आता त्या प्रतिमांचे काय झाले, ते सांगून पुरे करते. मी त्या गृहस्थांच्या कन्येला पत्र लिहिले आणि घडलेले सारे जसेच्या तसे कळविले. उत्तर येण्यास तीन आठवडे लागले. त्या बाईंनी एका शब्दानेही न दुखावता ती प्रत पुन्हा पाठविली. समासातले सर्व प्रतिशब्द मी पुन्हा उतरवून घेतले. आपल्या हाती असलेल्या अनुवादात त्यांतले कित्येक मी योजिले आहेत. परंतु मधल्या काळात ती प्रत एकदा झटकून पुसून ठेवली गेली होती, आणि पानांतल्या चिठ्ठ्यांपैकी अकरा चिठ्ठ्या गळाल्या होत्या. त्यांच्या प्रतिमा केवळ माझ्यापाशी होत्या. एका चिठ्ठीवर एका इंग्रजी शब्दासाठी त्यांनी चार मराठी शब्द लिहून तीन खोडले होते, आणि चौथ्याखाली रेघ ओढली होती. तो चौथा शब्द कोणता, हे मला आज आठवत नाही. त्या ठिकाणी मी माझा शब्द घातला आहे. तो वाईट नाही, असे संपादक म्हणाले.

सहा मिनिटे आणखी थांबले असते, तर ती चिठ्ठी आज आपल्याला दाखविता आली असती.